हाडातला गादीवाफा

वारूळवाडी,
भाद्रपद, २००४

राजमान्य गेणभाऊ यांस तुमच्या दाजीचा, कुंडलिकचा, रामराम.

वहिनींचा गुडघा वाकतो का? ऋतिकचा खोकला गेला का? म्हातारी म्हैस उठून उभी राहते का? आणि तुमचा कान? (फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि खाटेवरच्या साळूच्या कानावर जाईल इतक्या मोठ्यानं मला सांगता येत नाही. म्हणून हे पत्र.) इकडं तुमची बहीण साळू ठीक, मी ठीक.

केमोनं साळूच्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या. जंतूंपासून राखण करतात त्या. डॉक्टर म्हणाले, वाढीची सुई देऊ. वाढीचं म्हटल्यावर मी खुर्ची पुढं ओढली. द्राक्षाला जीए, म्हणजे मणी फुगवायचं औषध, देण्यात माझी हयात गेली. विचारलं, घड किती वेळा बुडवायचा, विरळणी आधी का मागून, आणि मणी फुगले तर देठाला झेपंल का. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीवर एक हाड काढलं. मग म्हणाले, बाबा, फुगवायचं काही नाही. हाडाच्या आत मगज असतो, तो रोपं वाढवायचा गादीवाफा समजा. एकाच वाफ्यात लाल, पांढऱ्या सगळ्या पेशी तयार होतात. कोणती वाढवायची याचा निरोप शरीरच धाडतं (लाल पेशींचा म्हणे मूत्रपिंडातून येतो). सुईत पांढऱ्यांचा निरोप आहे, जरा मोठ्या आवाजातला. म्हणजे तुमच्याशी बोलावं तसा.

तेव्हापासून मी तोंडाला फडकं बांधून दारात पाखरं राखल्यासारखा बसतो. येईल त्याला ओट्यावरच चहा पाजून माघारी. परवा एका बाईंनाही वाटेला लावलं, तर त्या सुई द्यायला आलेल्या सिस्टर निघाल्या. "बाबा, मी जाते, सुई तुमी टोचा," म्हणाल्या. साळू आतून हसली. लई दिवसांनी हसली, म्हणून ती चूक मी चूक धरत नाही.

सुईनं तिची कंबर, मांड्यांची हाडं ठणकतात. मगज कामाला लागल्याची खूण आहे, असं मी तिला समजावलं, तर म्हणते, "वाफा तुमचा, आन् खुरपणी माझ्या हाडात."

काळजी नसावी.

तुमचा
कुंडलिक

ता. क. वर ठीक लिहिलंय ते वहिनींना वाचून दाखवण्यापुरतं. कालपासून साळू सुई नको म्हणते. पेशी वर आल्याशिवाय केमोचा पुढचा डोस देत नाहीत, आणि डोस थांबला म्हणून आजार थांबत नाही. माझं ती ऐकत नाही. लहानपणी तुम्ही दम देऊन तिला विहिरीत पोहायला उतरवलं होतं म्हणे. तसा एक दम लिहून धाडा.

आणखी ता. क. मी पाणी आणायला उठलो तेवढ्यात तिनं हे वाचलं. सुई घेते म्हणाली. पण भाऊचा दम यायचा राहू देऊ नका, असंही म्हणाली. आजारी पडल्यापासून तिला कुणी रागावलेलं नाही. सगळे हळू बोलतात. तेव्हा उत्तर लवकर धाडा, आणि मोठ्या अक्षरांत रागवा.