लोखंडी बैल आणि माझा शांततेचा आठवडा

रविवार, १७ ऑगस्ट
शाळेत पालकसभा. समुपदेशक मॅडम म्हणाल्या, कामधंद्यातल्या आईबापांनी आधी एक मूल्य निवडावं, मग झेपेल असं एकच ध्येय. छापील फॉर्म दिला. ध्येय पूर्ण झालं की खाली घरच्या माणसाची सही.
माझं मूल्य : शांती. ध्येय : शनिवारी तान्ह्या पोळ्यात, पोरांच्या खेळण्यातल्या बैलांच्या रांगेत, वर्षालीसोबत शेवटपर्यंत उभं राहणं. तोवर कुणावर हात न उचलणं.
मागच्या वर्षी कुणाच्या पोराचा बैल पुढं उभा राहील यावरून शेजारच्या हार्डवेअरवाल्या मोतीलालशी जुंपली, आणि वर्षालीला नंबर यायच्या आधीच घरी यावं लागलं. नऊ वर्षांची पोर, विसरत नाही. आज विचारलं, "बाबा, यंदा भांडण नाई ना?" ठरलं म्हणालो.
बैलही मीच बनवणार. सोळाव्या वर्षी ग्रिलच्या दुकानात झाडू मारणाऱ्यानं आज स्वतःचं फॅब्रिकेशन उभं केलं. त्याला सात दिवस काय जड?

सोमवार, १८ ऑगस्ट, सकाळी १०.४०
गिऱ्हाईक म्हणालं, गेट वाकडं आहे. फक्त कॉलर धरली. हात खांद्याच्या वर गेला नाही, म्हणजे उचलला नाही.
संध्याकाळी बैलाचा सांगाडा. वर्षाली दहा मिनिटं बसली. लाकडाचा पाहिजे म्हणे. लाकडाचा सगळेच आणतात, बेटा.

मंगळवार, १९ ऑगस्ट
ग्राइंडर ऐन वेळी बंद. फेकला. दुकानाची काच आणि चिंधूचा डबा गेला. चिंधू माझा जुना कारागीर. त्यानं भिंतीवरची भाजी पुसली.
ध्येय वास्तववादी पाहिजे असं मॅडमच म्हणाल्या. फॉर्मवर पेनानं लिहिलं : 'वस्तू वगळून'.

बुधवार, २० ऑगस्ट
साळा प्रफुल जेवायला आला. म्हणाला, तुमचा बैल न्यायला क्रेन लागते. कानाखाली एक दिली. ताट उलटलं.
माझी बायको छाया वर्धा-आष्टी एसटीवर कंडक्टर आहे. दारुड्यांना आवाज न चढवता उतरवते. तिनं पुन्हा वरण वाढलं आणि विचारलं, माझा भाऊ वस्तूत येते काय? लगेच दुरुस्ती केली : 'वस्तू व नातेवाईक वगळून'.

गुरुवार, २१ ऑगस्ट
बैल तयार! तेवीस किलो. शटरच्या बेअरिंगची चाकं, सळईची शिंगं, टोकं घासून सुईसारखी केली. वर्षालीनं ओढला. दोरी तुटली, बैल हलला नाही. मी ओढेन म्हणालो.
माझे कान तिखट. मशीन चालू असतानाही ऐकू आलं, ड्रमामागं ती चिंधूला सांगत होती : "काका, मले एक लहानसा लाकडाचा करून देजो. बाबाले नका सांगू."
हसू आलं. लेकरांना एकावर एक पाहिजेच असतो.

शुक्रवार, २२ ऑगस्ट, पोळा
तोरणाखाली एकानं धक्का दिला. मीही दिला. तो नालीत पडला, त्याचे दोन भाऊ आले, तेही नालीत. शर्ट फाटला. सुरुवात त्याची. फॉर्मवर : 'समोरच्यानं सुरू केल्यास वगळून'.
छायानं फॉर्म वाचला. मग आता उरलं काय, म्हणे. मूल्य तसंच आहे, म्हणालो. तिनंही आपला फॉर्म भरला आहे. ध्येय काय ते सांगत नाही. वजन कमी करायचं असेल.

शनिवार, २३ ऑगस्ट, तान्हा पोळा, दुपारी ३.१५
पांढरा शर्ट. कपाळाला टिळा. मन एकदम शांत. बैलाला झूल, घुंगरू. प्रफुल आणि मी उचलून नेतो.

तोच दिवस, संध्याकाळी ७.३०, दवाखान्याच्या बाकावर
नोंद खरी असावी म्हणून लगेच लिहितो.
परीक्षक मधुकरराव, रिटायर मास्तर. म्हणाले, नियमात फक्त लाकडी बैल. मी शांत. मागं मोतीलाल बायकोच्या कानात पुटपुटला. मला ऐकू आलंच : "बैल नाई हा, संडासाचं दार आणलं यानं."
मी बैल डोक्यावर उचलला तो केवळ मास्तरांना वेल्डिंग दाखवायला. मोतीलाल पुढं आला ही त्याची चूक. शिंग खांद्यात घुसलं. त्याच्या भावानं माझ्या कपाळावर खुर्ची मोडली. मी मंडपाचा बांबू उपसला, मंडप खाली आला. कापडाखाली कोण कुठं कळेना. एकाला चांगला चोपला, तो प्रफुल निघाला. मला सोडवायला आला होता.
मोतीलालला सात टाके, मला पाच. बैल पोलिसांनी पुरावा म्हणून झुलीसकट नेला. उचलायला तीन शिपाई लागले. वेल्डिंग कुठंच सुटलं नाही.
छाया मधेच वर्षालीला घेऊन कुठं तरी गेली होती. त्यामुळं पोरीनं माझा सुरुवातीचा संयम पाहिलाच नाही.

रविवार, २४ ऑगस्ट
छायानं चहा दिला. कुठं गेली होतीस, विचारलं. मास्तरांनी नियम काढला तसे माझे कान लाल झालेले तिला दिसले म्हणे. ती पोरीला घेऊन पलीकडच्या चौकातल्या तान्ह्या पोळ्यात गेली. चिंधूनं केलेला वीतभर लाकडी बैल पिशवीत होताच. वर्षाली शेवटपर्यंत रांगेत उभी राहिली. मग घरोघर बैल दाखवून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरली.
"माह्यं ध्येय लहान होतं," छाया म्हणाली. "पहिल्या ठोशाच्या आधी पोरीले मंडपाबाहेर काढाचं. यंदा जमलं."
तिच्या फॉर्मवर वर्षालीची सही आहे, वाकडी, पण पूर्ण नावाची. माझा फॉर्म मी पुढं केला. वर्षालीनं वाचला. सगळी 'वगळून' वाचली. पेन खाली ठेवला.
मग बोजाऱ्यातला एक लाडू माझ्यासमोर ठेवला. मोतीलालकाकांच्या घरचा आहे, म्हणाली. काकूनं दवाखान्यातून आल्यावर तुमच्यासाठी वेगळा दिला.
डाव्या बाजूनं खाल्ला. उजवीकडचे दात कालपासून हलतात.