नसलेल्या बाईचं पत्र

शाहूपुरी, कोल्हापूर
२१ जानेवारी २०२५

प्रिय संघा,

जय भीम, आणि माझा जय जिनेंद्र.

अक्षताताईंचं ऑपरेशन नीट झालं, टाकेही निघाले, असं आक्कांकडून कळलं. बरं वाटलं. शाळेतून महिनाभर रजा टाकून तू सोलापूरला बहिणीच्या उशाशी बसलीयस, हे तुला शोभण्यासारखंच आहे. त्यांना म्हणावं, घाई करून उठू नका.

आमच्याकडं ठीक. लग्नसराईमुळं ह्यांच्याकडं पत्रिकांची छपाई जोरात आहे, दुकानातून हलायला सवड नाही. मोनाची बारावी तोंडावर आलीय, पण घरात घोर फक्त मला आहे, तिला नाही. जयसिंगपूरला आप्पांनी नवी कवळी बसवून घेतली आणि ती खिशात घालून फिरतात. "बोलाय लागत न्हाय, खायापुरती हाय," म्हणतात.

हातात फोन असताना कागदावर का लिहितेय, असं तुझ्या मनात आलं असेल. सांगते. आधी दुसरं थोडं सांगू दे.

परवा तुझ्या जुन्या कॉमेंट वाचत बसले होते. आठ वर्षं मी 'शाहूपुरी कट्टा' या माझ्या ब्लॉगवर आमच्या पक्षाची बाजू मांडतेय आणि आठ वर्षं तू त्याखाली तुमच्या पक्षाची मांडतेयस. स्वतःच्या नावानं, शिवी न देता, आकड्यांसकट. वारणेच्या पाणीयोजनेवर मी लिहिलं होतं तेव्हा तू लिहिलंस, "भाग्यश्री, तू दिलेला आकडा मंजुरीचा आहे, खर्चाचा नाही." तू बरोबर होतीस. मी दुरुस्ती केली नाही. आमच्या लोकांनी तुला खाली काय काय म्हटलं ते मी वाचलं होतं. मी ते काढलंही नाही, कारण भांडण लागलं की वाचक वाढतात. हे तुला कधी बोलले नव्हते. आत्ता तेवढं लिहिलं, आणि अजून खरं सांगायचं तसंच आहे.

गेल्या ऑक्टोबरात, निवडणुकीच्या आधी, पक्षाच्या ऑफिसात बैठक होती. प्रचाराचं सगळं धैर्यशील बघतो, तो तरणा पोरगा तुला माहीत आहे, तोंडाचा फटकळ. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, रागावू नगासा, पण तुमचं वाचून तिकडचं एक तरी माणूस हिकडं आलंय का वो?"

लोक हसले. मीही हसले. मग मनात मोजलं. पाचशेच्या वर लेख, रोजचे दोन-अडीच हजार वाचक, आणि सगळे आधीपासूनच आमचे. जे पटलेलंच आहे ते पुन्हा पटवून घ्यायला यायचे आणि "ताई, सणसणीत!" म्हणून जायचे. विरोधातली एकच वाचक मला नावानिशी ठाऊक होती, ती तू. आणि तुझं मत आठ वर्षांत मला तसूभर हलवता आलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी ब्लॉगवर 'एका विरोधी वाचकाचं पत्र' टाकलं. तुला ते आठवत असेलच. एक शिक्षिका, तीस वर्षं एकाच चिन्हाला मत देणारी, लिहिते की आपल्याच पक्षानं आपल्याला गृहीत धरलं, आणि यंदा आपण वेगळा विचार करणार आहोत.

संघा, ती बाई नाही. ते पत्र मी लिहिलं. दुपारी दुकानात, पत्रिकांचे गठ्ठे बाजूला सारून, दोन तासांत लिहिलं.

आणि ती तुझ्यावरनं लिहिली. विज्ञान शिकवते म्हणण्याऐवजी इतिहास शिकवते असं केलं, दादांचे पैसे बुडवणाऱ्या कारखान्याऐवजी दूधसंघ केला. बाकी बोलणं तुझं, वाक्य थांबवायची लकब तुझी. आणि तिच्या बापाच्या तोंडी मी तुझ्या बापाचं, दादांचं वाक्य घातलं. शेवटच्या दिवसांत दादा तुला जे म्हणाले, आणि तू फक्त मला, रंकाळ्यावर बसून सांगितलंस, "आपलीच माणसं हुती गं, म्हणून मी कधी इचारलंच न्हाय." ते सांगताना तू रडली होतीस. मला ते आठवत होतं, आणि म्हणूनच मी ते वापरलं. त्या पत्रात जान येईल असं तेवढं एकच वाक्य माझ्यापाशी होतं.

वारणानगरला आपण हॉस्टेलवर होतो तेव्हा दादा दर रविवारी सायकलवरनं डबा घेऊन यायचे. माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी वेगळी, बिनलसणाची. "पोरीचा नेम मोडाय नगं," म्हणायचे. मी ती बोटं चाटून खायचे आणि जयसिंगपूरला घरी गेल्यावर कुणाचा डबा खाते ते सांगायचे नाही. म्हणजे ही खोड जुनीच आहे माझी.

ते पत्र चाळीस हजार लोकांनी वाचलं. व्हॉट्सॲपवर तर मोजदादच नाही. धैर्यशीलचा फोन आला, "ताई, हे पायजे हुतं की! आठ वर्षं काय करत हुतासा?" मला बरं वाटलं. लपवत नाही, चार दिवस मी हवेत होते. मग कॉमेंट नीट वाचल्या. "बघा, त्यांच्यातलेच आता बोलायला लागले." सगळे पुन्हा आपलेच. कुणाचं मत फिरलं नव्हतं. फिरलेलं माणूस बघून त्यांना आनंद झाला होता, एवढंच.

आणि त्यात तुझी कॉमेंट. "भाग्यश्री, या बाईचं पटलं. इथलं पहिल्यांदाच काही पटलं."

त्या दिवशी दुपारी तू फोन केलास. "कोण गं ही?" मी म्हटलं, शिरोळ भागातली आहे, नाव सांगू नको म्हणाली. तू म्हणालीस, "तिच्या बापानं अगदी दादांसारखंच म्हटलंय बघ." मी मोनाच्या अभ्यासाचं काढलं. तू ते ऐकलंच नाहीस. मग म्हणालीस, "म्हणजे असं म्हणून गेलेली माणसं घरोघरी असतील. आपल्याला वाटतं, आपलाच बाप तेवढा. तिला माझा नंबर दे, भाग्या. एकटी पडली असेल ती."

तुला तेव्हाच कळलं होतं का? गेले पंधरा दिवस हाच विचार करतेय. कळूनही तू विश्वास ठेवायचं ठरवलंस का? मला विचारायचा हक्क नाही. मी "देते" म्हटलं आणि फोन ठेवला.

नंतरचं मला काहीच माहीत नव्हतं. तुझ्या कॉमेंट बंद झाल्या. फोन केला की "कामात आहे" म्हणायचीस. मला वाटलं, निवडणुकीचा निकाल मनाला लागला असेल. शेवटी पाच तारखेला रविवारी मीच वस्तीत तुझ्या घरी गेले. तू आदल्या दिवशीच सोलापूरला गेली होतीस. दोन्ही लेकींविना आक्का एकट्याच होत्या. बोलता बोलता माझी नजर कपाटावर गेली. दादांचा मोठा फोटो, विहारातल्या वाचनालयात लावलेला, तो तिथं धुतलेल्या साडीत गुंडाळून ठेवला होता. एक कोपरा उघडा होता म्हणून ओळखला.

आक्का म्हणाल्या, "काढला न्हवं का त्यास्नी. कुठल्या बाईनं कायतरी लिवलंतं फोनवर. संग्राम आन् पक्षाची समदी पोरं म्हणाय लागली, ती आपली मास्तरीणच. ही म्हणाली, मी न्हवं. पर बसली न्हाय गप. म्हणाली, त्या बाईला शिव्या दिऊ नगासा, ती खोटं बोलत न्हाय, माझा बाप बी ह्येच म्हणून गेलाय. झालं मग. वाचनालयाच्या कमिटीतनं हिचं नाव काढलं, म्हाताऱ्याचा फोटो काढला. ज्यानं ते वाचनालय घातलं त्येचाच."

मी आक्कांसमोर बसले होते, संघा. त्याच वेळी बोलायला पाहिजे होतं. त्यांनी परसातले चार पेरू पिशवीत घालून दिले, ते घेऊन मी एसटीत बसले.

नऊ तारखेला मी ब्लॉगवर सगळं कबूल केलं. विरोधी वाचक खोटी, पत्र माझं, वाक्य एका खऱ्या माणसाचं, त्याच्या घरच्यांना न विचारता घेतलेलं. वाटलं, आता सुटले. तर खाली लोकांनी लिहिलं, "ताईंवर दबाव आलाय." "ताई, घाबरू नका, आम्ही पाठीशी आहोत." माझी स्वतःची माणसं, जी आठ वर्षं माझा प्रत्येक शब्द खरा मानत होती, त्यांना हेच तेवढं पटेना. धैर्यशील म्हणाला, "कशाला वो ताई? काढून टाका ते. कुणाचं काय बिघडलंय त्यात?" आणि तुमच्या वस्तीत ते कुणी वाचलंच नाही. खोटं पत्र तिथवर फोनवरनं आपोआप गेलं होतं. कबुली कुणी पुढं पाठवली नाही.

म्हणून अठरा तारखेला मी पुन्हा गेले, आणि आक्कांच्या पुढ्यात खाली बसून सांगितलं. त्यांना आधी उमगेना.

"म्हंजे ती बाई न्हायच?"

"न्हाय, आक्का."

"कुठंच न्हाय?"

"कुठंच न्हाय. मीच लिहिलं ते."

त्या ओरडल्या नाहीत. "मग माझ्या लेकीनं कुणासाठनं भांडान घेतलं अंगावर?" एवढंच म्हणाल्या.

मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागं घेतले. म्हणाल्या, "माझ्या पाया पडून काय हुतंय? आदी विहारात जा, समद्यांम्होरं सांग. आन् संघीला तूच सांग. मी न्हाय सांगायची. फोनवर नगं, फोनवर तू गोड बोलतीस. तुला लिवाय येतंय न्हवं? मग लिवून सांग."

तर म्हणून हा कागद.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, वंदना झाल्यावर मी विहारात उभी राहिले. दहाबारा माणसं होती. मी कबुली वाचून दाखवली. मागचे एक म्हातारबा म्हणाले, "मोठ्यानं वाचा, पावणं." पुन्हा पहिल्यापासून वाचली. संग्राम हाताची घडी घालून ऐकत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "खोटं असणार ह्ये आमाला वाटत हुतंच. पर संघप्रियाताई तिची बाजू का घ्यायल्यात, ह्येच कळंना झालतं. आता आमचं बी चुकलं म्हणायचं." मी म्हटलं, दादांचा फोटो आणून देते, लावू या का. तो म्हणाला, "लावतो की. पर आमी लावतो. तुमच्या हातनं नगं."

ते बरोबरच होतं. पोरांनी जाऊन फोटो आणला. खिळा ठोकेपर्यंत मी दाराबाहेर चपलांपाशी उभी होते. फोटो लागलाय, संघा. तुझं नाव पुन्हा कमिटीत घालणार आहेत, तसं संग्राम स्वतः तुला फोन करून बोलणार आहे.

ब्लॉगवर आता सगळ्यात वर ती कबुली आहे. नवीन काही लिहिलेलं नाही. तुझ्या पाणीयोजनेच्या आकड्याची दुरुस्ती मात्र केली, सात वर्षांनी.

एक गोष्ट मला खाते, ती लिहिते आणि थांबते. आठ वर्षं मी खरं मानून जे लिहिलं त्यानं तुझं मत हललं नाही, आणि त्यात वाईट काहीच नव्हतं. तू ऐकायचीस, मोजायचीस, नाही म्हणायचीस. ज्या दिवशी हललं, त्या दिवशी ते खोट्यानं हललं. आणि तेही तुला माझा पक्ष पटला म्हणून नव्हे. एका एकट्या पडलेल्या बाईचा तुला कळवळा आला म्हणून. तुझ्यातलं जे सगळ्यात चांगलं, तिथंच मी हात घातला. आता ते मत मला जागच्या जागी नेऊन ठेवता येत नाही. तुमच्या पक्षाबद्दल तुला त्या पत्रातलं काही अजून खरं वाटत असेल, तर ते दादांचं आणि तुझं आहे. माझं त्यात काही नाही. आणि काहीच खरं वाटत नसेल, तर तेही तू ठरवायचंस.

माफ कर असं लिहीत नाही. लिहिलं की तुला उत्तर द्यावं लागेल, आणि बहिणीचं दुखणं काढताना तुझ्यावर आणखी ते ओझं नको. अक्षताताईंना वाचून दाखवायचं असेल तर दाखव. कुणालाही दाखव.

तिला फोन नंबर दे म्हणाली होतीस. ती बाई मीच.

भाग्यश्री मगदूम