दर सहा तासांनी एकदा

ती. आईस,
धाकटीचा नमस्कार. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते.

कामात मात्र तोंडघशी पडले. अवकाशातली दुर्बीण ताऱ्याचा उजेड दर अर्ध्या तासाला मोजते. मी आळशीपणाने सहा तासांतून एकच आकडा घेतला आणि तारा स्थिर आहे असं लिहून दिलं. सरांनी मधले आकडे काढून दाखवले. तारा बरोबर सहा तासांत मंदावून पुन्हा उजळतो, आणि मी दरवेळी तो उजळलेला असतानाच गाठत होते!

आई, मी फोन रविवारी दहालाच करते. बाबा अंघोळ करून बसलेले असतात. मी विचारायच्या आधीच "मजेत आहे" म्हणतात, आणि मागून तुझी कुजबूज ऐकू येते.

मंगळवारी दुपारी त्यांना माझं नाव आठवतं का गं?

खरं लिही.
तुझी,
धाकटी