निघताना 'येते' म्हणा

शैलेश,

हे पत्र पाठवायचं नाही, असं ठरवूनच लिहिते आहे.

परदेशी पाहुण्यांसाठीचं माझं ऑनलाइन गाइड तुला माहीत आहे. जाहिराती घेत नाही. ते वाचकांच्या वर्गणीवर चालतं, म्हणून प्रत्येक ओळ तपासते. त्यात एक सूचना आहे: निघताना 'जाते' म्हणू नका, 'येते' म्हणा.

आज ग्रेटा नावाची माझी एक वाचक तुमच्या उलव्याच्या घरी जेवली. दुपारी तुझ्या आईचा फोन आला.

"गो रुचिरा, तुजी गोरी 'येते' बोलून गेली, अजून नाय आली. खाडीवर तर नाय गेली? भरती हाय."

"काकू, निघताना आपण म्हणतो तसं म्हणाली असेल."

"आपून बोलतो गो. तिला काय म्हाईत?"

ग्रेटाचा फोन बंद होता. तुझे काका होडी काढून तिला शोधायला गेले. इथे करंजाड्यात मी ती सूचना पुन्हा पुन्हा वाचत होते. वाक्य बरोबर होतं.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. ती विमानतळावर होती, मधे बॅटरी संपली होती. काकूंना कळवलं. त्या हसल्या, मग म्हणाल्या,

"शैलेश बोटीवर नोकरीला निघाला तवा 'जातो' बोलला. तुला काय बोलला?"

बॅटरी संपतेय असं सांगून मी फोन ठेवला. मलाही तू तेच म्हणाला होतास. घाईत म्हणालास, असं मी धरून चालले होते. आता तशी खात्री वाटत नाही.

येते,
रुचिरा