मावशीचे रडणे

४ फेब्रुवारी
टाकला! नथ्थूकाकांच्या पार्थिवापाशी त्यांच्या बायकोने, सुनंदामावशीने केलेला विलाप आज माझ्या चॅनेलवर टाकला. त्या दिवशी यावलच्या घरात मी दाराआड उभी होते, मोबाइल ओढणीखाली, मुद्रण चालू. काका केळीच्या बागेला पाणी लावायला गेले आणि तिथेच कोसळले. मावशी त्यांच्याशी भांडत होती — "मले न सांगता गेला रे राजा! बागाले पानी लावून गेला, आता मोटर कोन बंद करीन!" रडण्यातही किती लय, किती प्रतिमा! शीर्षक दिले : 'खान्देशातील मौखिक शोककाव्य'.
मावशीला विचारले नाही. दुःखातल्या माणसाला असले काय विचारायचे — अशी स्वतःची समजूत घातली.

७ फेब्रुवारी
महाविद्यालयातल्या बाईंनी 'मोलाचे संकलन' असा अभिप्राय लिहिला. दिवसभर तरंगत होते.

१५ फेब्रुवारी
धुळ्याच्या कोणीतरी मावशीच्या आवाजाला डीजेचा ठेका जोडला आहे. 'मोटर कोन बंद करीन' — तेवढीच ओळ, पुन्हा पुन्हा. वरातीतली पोरे तिच्यावर नाचत आहेत. एक नवरदेव घोड्यावर बसून बटण दाबल्याचा अभिनय करतो!
मेसमध्ये माझी खोलीतली मैत्रीण भूमिका तेच गुणगुणत आली. "अगं, ही म्हातारी कोण असेल गं? भारीच आहे!"
मी ताट उचलून उठले.

१६ फेब्रुवारी
चंदनचा फोन. मावशीचा मुलगा.
"ताई, तुह्याच मोबाइलातून गेलं नं?"
मी खोलीचे दार लावून घेतले.
"पाचोऱ्यात आमच्या गाडीपुढं वरात आडवी आली. माह्या बापाच्या मरणावर लोकं नाचू राह्यले होते. तू तं बोर्डात पहिली आलेली! तुले एवढं नाही समजलं?"

१७ फेब्रुवारी
सगळे पुसले. चॅनेल, मोबाइलमधले मूळ मुद्रण, लॅपटॉपवरची प्रतही. नंतर हलके वाटले. 'प्रायश्चित्त' असा शब्द मनात आला. शब्द मला फार लवकर सुचतात.

२ मार्च
यावल. मावशी अंगणात तूर पाखडत होती. पाया पडले, सगळे सांगितले. ती रागावली नाही.
"मले मालूम हाये. बाया सांगून गेल्या."
तिने सुपात आणखी तूर घेतली. मग म्हणाली, "ते पुरं हाये का वं तुह्याजवळ? त्याईले मी काय काय बोलली, मले काहीच आठवत नाही. एक डाव ऐकव."
पुसून टाकले, मी म्हणाले.
तिचे सूप थांबले. "काऊन? मले इचारलं असतं."
टाकताना विचारले नव्हते. पुसतानाही नाही.

११ मार्च
पुसलेले निघते का पाहायला जळगावच्या दुरुस्तीच्या दुकानात मोबाइल दिला होता. परत मिळाला. "मॅडम, काहीच निघत नाही."

२६ मार्च
चंदन सांगत होता — मावशी रोज त्याच्याकडून वरातीचा तो व्हिडिओ लावून घेते. नाचणारी पोरे तळहाताने झाकते, आणि मोबाइलवर वाकून ऐकते. म्हणते, "मही तेवढीच एक ओळ उरली."