तिसरं उत्तर

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
३ फेब्रुवारी २०१३

चि. दिपिका हिस सुमतीआत्याचे अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे खुशाल आहोत. गेल्या वर्षी वाचनालयाच्या व्यासपीठावरून कागदाचं युग संपलं असं मीच गर्जून सांगितलं, टाळ्या घेतल्या आणि घरी येऊन लग्नातल्या धवल्यांच्या अकरा वह्या, ईमेलात उतरवून झाल्या म्हणून, रद्दीत दिल्या. तीच मी आज पेन शोधून तुला पत्र लिहिते आहे. हसून घे. कामावर तुझा फोन कपाटात बंद आणि घरी आलीस की तू झोपलेली, मग दुसरं काय करू?

माझं ईमेलचं खातं बंद झालं आहे. अलिबागला भाषणाला गेले होते, तिथल्या वाचनालयाच्या संगणकावर खातं उघडलं, तर कंपनीला संशय आला की ही बाई सुमती नव्हेच! ओळख पटवायला फोन करणार तोही तुझ्या बाबाच्या जुन्या नंबरवर. खातं त्यानेच सायबर कॅफेत बसून काढून दिलं होतं. तो जाऊन दोन वर्षं झाली, नंबरही गेला. आता एकच दार उरलंय, बाबाने तेव्हा भरून ठेवलेला प्रश्न: तुमच्या आईचं लग्नाआधीचं नाव काय? मी झोकात कृष्णाबाई लिहिलं. चूक. मग आजोळचं आडनाव लिहिलं. तेही चूक. आता एकच संधी आहे, तीही २८ तारखेपर्यंत. नंतर खातं पुसून टाकणार.

त्यात काय आहे ते तुला ठाऊक आहे. आपल्या लग्नांत धवलारणी गातात ते बासष्ट धवले, मालूआजीच्या तोंडून दहा वर्षं बसून उतरवलेले. दुसरी प्रत नाही. छापखान्याने जागा धरून ठेवली आहे, आणि मालूआजीला आता सलग चार ओळी आठवत नाहीत. हे गेलं तर आपल्या बायकांचा आवाजच गेला!

मी शेजाऱ्यांच्या ईमेलवरून कंपनीला आठ पानी तक्रार लिहिली. एका मिनिटात उत्तर आलं की आपल्या भावना आम्ही समजतो. आठ पानं एका मिनिटात? माझ्या सभेत असा एकही श्रोता निघाला नाही. तुम्ही तक्रारी घेणारे लोक करता तरी काय तिथे बसून?

वैशाखातलं तुझं लग्न जवळ येतंय, जेवत जा. पत्र धाडशीलच.

तुझी संतापलेली (तुझ्यावर नव्हे)
सुमतीआत्या

हिंजवडी, पुणे
८ फेब्रुवारी २०१३

ती. सुमतीआत्यास दिपिकाचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र मैत्रिणींना वाचून दाखवलं. आम्ही तिथे बसून काय करतो या वाक्याला सगळ्याजणी खो खो हसल्या. ऐक. ते एका मिनिटातलं उत्तर यंत्राचं होतं, ते कुणालाही तेच सांगतं. माणूस नंतर बघतो. माझी कंपनी वेगळी, पण रीत तीच. मला एका तक्रारीला सहा मिनिटं मिळतात, पाठीमागे साहेब घड्याळ लावून उभा. आठ पानं आली की मी पहिलंच पान वाचते. तेव्हा फक्त चार ओळी लिही. पहिल्या ओळीत तक्रारीचा नंबर. इतिहास नको, धिक्कार तर अजिबात नको. शेवटी एवढंच माग की माणसाने उत्तर द्यावं. तुला चार ओळी जमतील का, यावर इथे पैज लागली आहे. मी तुझ्या विरुद्ध लावली आहे.

माझी तब्येत बरी आहे. भावेश मागच्या रविवारी येऊन गेला. कामोठ्यात त्याच्या घरी माझं लग्नानंतरचं नाव ठरलंय, भावेशला जोडून भावना. लग्नात तांदळावर तेच लिहिणार. मला काही वाटत नाही गं, सवय आहे. फोनवर ग्राहकांसाठी मी नीता असते, नाव कंपनीनेच दिलंय. एकीकडे नीता, दुसरीकडे भावना, झोपेपुरती दिपिका!

काळजी करू नकोस, पण धवल्यांची चिंता मलाही आहे. माया आहेच, ती राहू दे.

तुझी
दिपिका

खांदा कॉलनी
१३ फेब्रुवारी २०१३

चि. दिपिका हिस आशीर्वाद, आणि एक धपाटाही.

पैज हरलीस. चार ओळी लिहिल्या! घाम फुटला, पण लिहिल्या. आणि खरंच एका माणसाने उत्तर दिलं, खाली प्रणित अशी सही. उत्तर सांगता येणार नाही म्हणाला, नियम आहे, पण २८ तारखेपर्यंत खात्याला कुणी हात लावणार नाही, आणि घाई न करता तिसरं उत्तर द्या, असं त्याने आपणहून लिहिलं. माणूस भेटला गं! यंत्राच्या पोटात माणूस असतो, हे मी पुढच्या सभेत सांगणार आहे.

पण धपाटा वेगळ्याच गोष्टीसाठी. भावना होण्याचं तू जाता जाता लिहिलंस आणि मी खुर्चीतून ताडकन उठले. तांदळावर नाव लिहितात! आईच्याही लिहिलं असणार. कृष्णाबाई हे माझ्या वडिलांच्या घरचं नाव, लग्नाआधी ती कृष्णाबाई नव्हतीच! दादा, म्हणजे तुझा बाबा, आजोळी वाढला, त्याला खरं नाव ठाऊक होतं. प्रश्नाला त्याने सरळ उत्तर दिलं, चुकले मी.

आणि ते नाव मला माहीत नाही, आई तर केव्हाच गेली. चुलत्यांना विचारलं, मामेभावंडांना विचारलं. कुणालाच नाही. स्त्रियांच्या हक्कांवर मी आजवर शेकडो भाषणं ठोकली, दिपिका, आणि माझ्या आईचं नाव मला ठाऊक नाही. परवा रात्रीचं जेवण गेलं नाही.

उद्या कळंबोलीला मालूआजीकडे जाते, ती आईच्याच गावची. आणि तुझं काय? तुला काही वाटत नाही, हे मला अजिबात पटलेलं नाही.

सुमतीआत्या

हिंजवडी
१८ फेब्रुवारी २०१३

ती. आत्यास शि. सा. न.

हात जोडते, अंदाजाने तिसरं उत्तर टाकू नकोस. तिसऱ्या चुकीनंतर फोन करून रडणारी माणसं मी रोज ऐकते, आणि तेव्हा माझ्या हातात काहीच नसतं. शंभर टक्के खात्री झाली तरच लिही.

दुसरी विनंती. कामोठ्याला जाऊन भाषण करू नकोस. माझ्या नावाचं मी बघते. कसं, ते अजून कळत नाही, पण तुझं पत्र मी उशीखाली ठेवलं आहे.

मालूआजी काय म्हणाली? लवकर कळव, जीव टांगणीला लागलाय.

दिपिका

खांदा कॉलनी
२४ फेब्रुवारी २०१३

चि. दिपिका, अनेक आशीर्वाद, अनेक, अनेक!

उघडलं!

आता नीट सांगते. मालूआजीकडे दोनदा जाऊन आले. आईचं नाव विचारलं की ती चिडायची, म्हणायची की आमी नावं ध्यानात ठेवत नाय, आमी गानी ध्यानात ठेवतो. तिसऱ्यांदा गेले तेव्हा प्रश्न विचारलाच नाही. हळदीचा धवला मीच सुरू केला, माझ्या बेसूर आवाजात. तिला ते सहन झालं नाही, तिने मला गप्प करून स्वतः उचलला. आणि जिथे नवरीचं नाव येतं तिथे ती गायली की राहीच्या अंगाला हळद लागली.

कोण राही, म्हणून मी ओरडलेच. ती म्हणाली की तुजी आयस, आनखी कोन! नऊ वर्षांची असताना मालूआजी आपल्या आईबरोबर पहिल्यांदा मांडवात गायली, तो मांडव माझ्या आईचा होता. त्या धवल्यात पहिल्या नवरीचं नाव तिच्या तोंडात तसंच राहिलं.

आणि पोरी, हा धवला तिने मला पूर्वीही सांगितला होता. मी नावाच्या जागी नुसतं 'नवरी' लिहून पुढे गेले होते. आईचं नाव माझ्या कानावर पडलं आणि मीच ते वगळलं. हे कुठल्या कंपनीने केलं नाही.

घरी येऊन इंग्रजीतली चार अक्षरं टाइप केली. एकेक अक्षर दोनदा तपासलं. बासष्टच्या बासष्ट धवले जागेवर! प्रणितला आभार लिहिले, चारच ओळींत. पुस्तकात आता त्या जागी राही असेल. आज चार प्रती कागदावर काढल्या, एक तुझ्याकडे येते आहे.

कामोठ्याला भाषण करणार नाही, शब्द दिला. पण माझा प्रश्न तू भावेशला विचारून बघ. त्याला फक्त एक संधी दे.

सुमती, राहीची लेक

हिंजवडी
२ मार्च २०१३

ती. सुमतीआत्यास दिपिकाचा शि. सा. नमस्कार.

राही. दिवसभर हेच म्हणते आहे. बाबांनी ते जपून ठेवलं होतं, आणि आपण त्यांना कधी विचारलंच नाही.

काल कामोठ्याला गेले होते. सगळ्यांसमोर भावेशला विचारलं की तुझ्या आईचं लग्नाआधीचं नाव काय. तो ऐटीत म्हणाला शांती. मी म्हटलं, चूक, ते तर या घरचं नाव. सासरे हसत पुढे आले आणि तेही अडले. तांदळावर त्यांनीच लिहिलं होतं, पण आधीचं काय होतं ते त्यांना आठवेना. मग सासूबाई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या की मथुरा. तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, असंही म्हणाल्या, पण हसून.

जेवणानंतर त्यांनी स्वतःच सांगितलं की भावनाचं राहू द्या, तांदळावर दिपिका लिहा. भावेशने मान डोलावली. ऑफिसात मात्र अजून नीताच आहे. एका वेळी एक लढाई, आत्या.

निघताना सासूबाईंनी मला हळूच बाजूला घेतलं. त्यांना ईमेलचं खातं काढून हवं होतं. मी तिथेच भावेशच्या संगणकावर बसले. नावाच्या रकान्यापाशी थांबून विचारलं, काय लिहू? त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि स्पष्ट आवाजात मथुरा म्हणाल्या.

त्या खात्यावर पहिलं पत्र तू पाठव. चार ओळींपेक्षा मोठं चालेल.

तुझी
दिपिका
(वैशाखात, आणि वैशाखानंतरही)