एकसष्ट इंच

डोंगरकडा,
मंगळवार, ९ जुलै २०२४

चि. रणजीत,

आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत, तिकडे तुम्हीही असाल. सोयाबीन वीतभर आलंय, खुरपणीला बाया मिळत नाहीत. आपली याडी अजून लेकीकडे, माझ्याकडेच आहे. गुडघा धरून बसते, पण तुझा विषय निघाला की "माझं लेकरू सर झालं" म्हणत ताठ होते. तुझे दाजी ठीक. माझ्या मशीनवर शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय.

फोनवर तुझ्याशी बोलायला घेतलं की तूच बोलतोस. म्हणून पत्र.

परवा तू निताला पाठवलेला आवाजातला मेसेज मी ऐकला. "तुला मोजपट्टीनं बाहेर काढलं नाही, निता. तुझ्या आत कुठंतरी शंका होती, तिनं काढलं." मागं बासरी वाजत होती. माझ्या लेकीच्या रडण्याला तू बासरी लावलीस.

पोलीस भरतीच्या मैदानावर तू नव्हतास. मी गेटाबाहेर होते, बाकीच्या आयांसोबत, पिशवीत केळी घेऊन. पंधरा मिनिटांत पोरगी परत आली. बूट हातात. उंची अनवाणी मोजतात ना.

"पळूच दिलं न्हाई, आई."

एकशे पंचावन्न सेंटिमीटर लागते. ती एकशे त्रेपन्न भरली. अपील केलं, पुन्हा मोजलं, तेवढीच. दोन वर्षं अंधारात उठून रस्त्यावर पळणाऱ्या पोरीला तिथं एक पाऊल टाकता आलं नाही. त्या मोजणाऱ्या बाईवर माझा राग नाही. नियम जाहिरातीत पहिल्याच पानावर होता. तो तू वाचला होतास. वाचून तू तुझ्या भरती अकॅडमीच्या भिंतीवर रंगवून घेतलंस, "उंची शरीरात नसते, विचारांत असते." पंचवीस पोरी रोज त्या भिंतीखाली पळतात. त्यातल्या एकीला तरी तू भिंतीला टेकवून मोजलंस का?

तुझ्या सांगण्यावरून दाजींनी दोन कडुलिंबांच्या मध्ये लोखंडी पाइप बांधला. निता त्याला रोज लोंबकळायची. याडी बाजेवरून ओरडायची, "काहून टांगून राहिली गं? पोरगी काय कणकीचा गोळा हाय, वढला की लांबायला?" आम्ही हसायचो. तांड्यात एकटी तीच खरं बोलत होती आणि आम्ही तिला अडाणी समजलो.

आणि तू भाषणात स्वतःची गोष्ट सांगतोस. म्हणे, मिलिटरीच्या भरतीत मी मनानं हरलो, म्हणून आज तुम्हाला जिंकायला शिकवतो. टाळ्या पडतात. रणजीत, तू मनानं हरला नव्हतास. तुझे तळपाय सपाट होते. घरी येऊन तू ओल्या पायांनी ओट्यावर चाललास आणि मला म्हणालास, "ताई, बघ, ठसा पुरा उमटतो." मी तुझे पाय पदरानं पुसले होते. त्यात तुझा काय दोष होता? पण तू तो दोष स्वतःच्या मनाला लावून घेतलास, आणि आता दुसऱ्यांच्या लेकरांना वाटत बसलास. मला तुझी कीव येते. ती आली की राग जास्तच येतो.

इतकं लिहून मघाशी पेन खाली ठेवलं होतं. पुढचं लिहायचं नव्हतं.

सतरा वर्षं माझ्या गळ्यात टेप आहे. निताच्या सलवारीची उंची दहावीत अडतीस होती, आजही अडतीस आहे. मला काय कळत नव्हतं? मागच्या दिवाळीत ती दाराला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "मोज बरं, आई." साठ आणि वर पाव. एकसष्ट लागतात. तिची मान ताठ, डोळे मिटलेले. तू आदल्याच दिवशी फोनवर सांगितलं होतंस, "ताई, घरातून निगेटिव्ह बोलू नका, पोरगं तिथंच खचतं."

मी म्हणाले, "एकसष्ट. बराबर झाली."

तिनं तुझं भाषण ऐकलं, पण मैदानावर गेली ती माझ्या टेपावर. गावात कुणाचा ब्लाउज माझ्या हातून पाव इंच चुकत नाही, हे तिला माहीत आहे.

आज सकाळी ती पुन्हा पाइपला लटकली. तळहात सोललेत. मी म्हणाले, उतर. तर मला म्हणते, "तू घरी मोजलं तवा एकसष्ट व्हते. तिथं मामा म्हणतो तसं मनातून खचले असंन, म्हणून कमी भरले." विसाव्या वर्षी माझी पोरगी समजते की शंका आली म्हणून तिची हाडं आखडली. हे तुझं शिकवणं आहे, आणि त्याला टाका मी घातलाय.

इथवर लिहून झाल्यावर मी पत्र निताला वाचायला दिलं.

तिनं दोनदा वाचलं. मग विचारलं, "म्हणजे मी खचले नव्हते?"

"न्हाई गं. तू तेवढीच हायेस."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. याडीजवळ बसून तळहाताला हळद लावून घेत आहे. बोलेल तेव्हा बोलेल, मी घाई करणार नाही.

फाट्यावरचा "भावी पोलीस" लिहिलेला तिचा फोटो दाजी उद्या उतरवतील. तिला मेसेज पाठवू नकोस. यायचं असेल तर ये, पण गप्प बसायला ये. पाकिटात माझा टेप ठेवला आहे. नव्या बॅचच्या पोरी आल्या की भाषणाच्या आधी एकेकीला त्या भिंतीला टेकव, मोज, आणि जे भरेल ते तिला तोंडावर सांग.

मी नवीन टेप आणीन. तोवर मशीन बंद आहे.

लेकीशी पाऊण इंच खोटं बोललेली,
तुझी ताई
शिला